पडायचा वर्ग

४ जानेवारी

प्रिय मुंगळ्या,

आधी हसून घे, मग पुढे वाच. तुझी ताई जुडो शिकायला लागली आहे.

झालं हसून? पाठीला टाके आहेत हे विसरून हसला असशील तर तुझी बायको माझ्या नावाने बोटं मोडेल. तिला सांग, दोष माझा नाही, डॉक्टरांचा आहे. त्यांनी हाडांची तपासणी करायला लावली आणि कागद बघून म्हणाले, "हाडं विरळ व्हायला लागलीत. दिवसभर बसून काम, अंगाला हालचाल नाही. चाला, पोहा, काहीतरी करा." आता कवळ्या घडवणारी बाई बसूनच घडवणार ना! उभ्याने घडवल्या तर लोकांचे दात नाकात जातील.

चालायला मला वेळ नाही आणि पाण्याची भीती तुला माहीतच आहे. आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत एक व्यायामशाळा आहे. तिच्या दारावर पाटी दिसली: पन्नाशीच्या पुढच्यांसाठी जुडो, तब्येतीसाठी. आत डोकावले, तर शिकवणारी तिशीतली एक मुलगी. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. आवाज असा की समोरच्याच्या तोंडातली कवळी हलावी. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पडायला येतं का?"

मी म्हटलं, "ते कोणालाही येतं."

ती म्हणाली, "नाही येत. म्हणून तर हाडं मोडतात."

तर सध्या आम्ही फक्त पडतो. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि जमिनीला टेकता टेकता हाताने गादीवर सपकन मारायचं. जाडजूड पांढरं जाकीट, कमरेला पट्टा. आरशात पाहिलं तर उशीला अभ्रा घातल्यासारखी दिसले. माझ्या जोडीला निवृत्त बसड्रायव्हर आहेत, बसवाले काका. मला ढकलण्याआधी दर वेळी "माफ करा हं" म्हणतात आणि मग असं ढकलतात की छत दिसतं.

हे बरे आहेत. निवृत्तीनंतर घरीच असतात. मोबाइल हल्ली बंदच ठेवते, यांची झोपमोड होते. तेव्हा पत्रच लिही आणि लॅबच्या पत्त्यावर पाठव. आमच्या जिन्यातल्या टपालपेटीचं झाकण मोडलंय.

पाठ सांभाळ. पडून राहायला सांगितलंय तर पडून राहा. आपल्या दोघांनाही सध्या तेच शिकायचंय.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

प्रिय ताई,

हसलो. टाके दुखले. तुझ्या वहिनीने पत्र हिसकावून घेतलं, मग तीही हसली. शेजारच्या खोलीतून तुझा भाचा विचारत आला की काय झालं. त्याला सांगितलं, तुझी आत्या आता पैलवान झाली, यापुढे तिला उलट बोलायचं नाही.

मी आपला छताकडे बघत पडलेलो आहे. धरणावरच्या आमच्या क्वार्टरचं छत म्हणजे पोपडे आणि एक पाल. मणक्यातली चकती काढली ती काढली, पण डॉक्टर म्हणतात उन्हाळ्यापर्यंत प्रवासाचं नाव काढायचं नाही. पंपहाउसात माझ्या जागी एक नवा पोरगा बसवलाय. मोटरचा आवाज बदलला की मला इथे पडल्या पडल्या कळतं, त्याला तिथे बसून कळत नाही.

आवाजावरून आठवलं. भाऊजींसारखा कान मी कोणाचा पाहिला नाही. तुमच्या लग्नानंतर आम्ही सगळे त्या मोठ्या दुकानात गेलो होतो, तिथली लिफ्ट सुरू झाल्याबरोबर म्हणाले, "वरच्या चाकाचं बेअरिंग जाणार आहे, आपण जिन्याने जाऊ." आणि आपण खरेदी करून खाली येईपर्यंत ती अडकलीच. मग लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतल्या नव्या कोऱ्या जावयाने कोट काढला आणि लोकांना बाहेर काढलं. तू तेव्हा जी मान ताठ करून उभी होतीस! त्यांना चार ओळी लिहायला सांग की. रिकामे आहेत ना आता? त्यांनाही ने त्या जुडोला. जोडीने पडा.

आणि मोबाइल बंद ठेवण्याचं काय खूळ आहे? झोप झोप म्हणजे माणूस किती झोपतो?

तुझा,
मुंगळ्या

२० फेब्रुवारी

प्रिय मुंगळ्या,

उत्तराला उशीर झाला. लॅबमध्ये काम साठलं होतं. एका बाईंची वरची कवळी तीन वेळा परत आली. बोलताना शिट्टी वाजते म्हणे. शेवटी पुढचे दात कागदाइतके मागे घेतले, तेव्हा वाजायची थांबली.

जुडोत मी आता पडते त्याला पडणं म्हणतात. मास्तरीणबाई परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "यांच्याकडे बघा. या घाबरत नाहीत." घाबरत नाही असं नाही, पण सवय झाली. मागे पडता येतं, बाजूला पडता येतं. आता धरायचं शिकवतात. फेकण्यात मला रस नाही, तसं मी सांगितलंय. मी विचारलं, आपल्यापेक्षा वजनदार माणसाला, त्याला अजिबात न दुखवता, तो शांत होईपर्यंत धरून कसं ठेवायचं? वर्ग संपल्यावर मास्तरीणबाईने मला आणि बसवाल्या काकांना थांबवून घेतलं आणि दाखवलं. मागून बसायचं, काखेतून हात घालायचे, त्याचे हात त्याच्याच छातीवर दुमडायचे, पाय बाहेरून वळसा घालून. जोर लावायचा नाही, वजन द्यायचं. काकांनी सुटायचा बराच प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "वहिनी, आता सोडा, चहाची वेळ झाली."

वर्गाचा फोटो पाठवते आहे. जाकिटं काढून ठेवल्यावर काढलाय. डावीकडून तिसरी मी. वजन कमी झालंय, बघ.

हे बरे आहेत. तुझी आठवण काढतात.

ताई

६ मार्च

प्रिय ताई,

फोटो पाहिला. वजन कमी झालंय, खरं आहे. जरा जास्तच.

हे पत्र कसं लिहावं ते मला कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. फोटो आधी तुझ्या वहिनीने नीट पाहिला. ती म्हणाली, "ताईंच्या दंडावर बघा." मी तुझ्या भाच्याचं भिंग घेऊन पाहिलं. चार वळ आहेत, बोटांचे. आणि जबड्याखाली पिवळा पडत आलेला एक. मी स्वतःशी म्हटलं, जुडोत लागलं असेल. पण तूच लिहिलंस की जाकीट जाडजूड असतं. त्या जाकिटातून बोटं उमटतात का गं?

मग बाकीचं एकेक जुळायला लागलं. फोन बंद. पत्र घरी पाठवायचं नाही. भाऊजींबद्दल दर पत्रात तेवढेच दोन शब्द. आणि माझी ताई, जिने जन्मात कोणाला चिमटा काढला नाही, ती विचारते की वजनदार माणसाला धरून कसं ठेवायचं.

भाऊजी तुझ्यावर हात टाकतात का?

मला उठता येत नाही, नाहीतर विचारायला मी पत्र लिहिलं नसतं, येऊन दारात उभा राहिलो असतो. खरं काय ते लिही. तुझ्यासाठी इथे खोली आहे, छत पोपड्यांचं असलं तरी.

मुंगळ्या

१४ मार्च

मुंगळ्या,

असलं काही पुन्हा लिहू नकोस. मनातही आणू नकोस. ज्या माणसाने इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याच्याबद्दल तू भिंग घेऊन शोध लावतोस! मला वर्गात लागलं. धरायचा सराव जाकिटाशिवाय करतो आम्ही कधी कधी. इतकंच.

तुझी पाठ बरी कर आणि आमच्या घराची काळजी आमच्यावर सोड.

ताई

२० एप्रिल

भाऊजी,

हे पत्र मी मुद्दाम तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुमच्याच हातात पडावं म्हणून.

ताईने महिनाभर मला पत्र लिहिलेलं नाही. काल तिच्या लॅबच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ती उजव्या मनगटाला प्लास्टर घालून येते आणि डाव्या हाताने मेण कापते. काय झालं विचारलं तर "घरी पडले" म्हणते. घरी पडली! जी बाई महिनोन् महिने दुसरं काही न करता पडायला शिकते आहे, ती घरी पडून मनगट मोडून घेते?

मला तुमच्याबद्दल काय वाटायचं ते तुम्हाला माहीत आहे. आमचे वडील गेल्यावर मी कोणाचं ऐकलं असेल तर तुमचं. हातात स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा हेसुद्धा तुम्ही शिकवलंत. त्याच हातांनी तुम्ही माझ्या बहिणीला मारता. तिच्या दंडावर तुमची बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. ती कबूल करणार नाही, शेवटपर्यंत तुम्हाला पाठीशी घालील. ती तशीच आहे. त्याचाच फायदा तुम्ही घेताय.

निवृत्त झालात, रिकामे बसलात, डोकं फिरलं असेल तर भिंतीवर आपटा. तिला हात लावायचा नाही. मी महिन्याभरात उभा राहीन आणि तिला घेऊन जाईन. तोवर तिच्या अंगावर आणखी एक ओरखडा उठला तर नातं विसरेन.

तिचा भाऊ

२९ एप्रिल

चि. मुंगळ्यास,

तुझे पत्र मिळाले. खाली पेटीत होते. पुन्हा पुन्हा वाचले.

तू लिहितोस मी तिला मारतो. मला हे माहीत नव्हते. हिला विचारले. ही म्हणाली नाही. मी म्हणालो बाही वर कर. तिने बाही वर केली नाही. म्हणून खरे असावे.

हाताला प्लास्टर आहे ते मी रोज पाहतो. रोज विचारतो काय झाले. ही म्हणते पडले. मी म्हणतो सांभाळून चालत जा. असे मी रोज म्हणतो असे आज कळले.

माझे डोके चालते आणि मध्येच थांबते. दोन मजल्यांच्या मध्ये. दार उघडले तर समोर भिंत. तेव्हा मी काय करतो ते मला नंतर सापडत नाही. आठवत नाही हे कारण होऊ शकत नाही. पण आठवत नाही.

लिफ्टमध्ये दोष सापडला की पहिले काम ती बंद करणे. माणसे चढू द्यायची नाहीत. दुरुस्ती मग. यात दुरुस्ती नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, ते हिने मला आज सांगितले. आधीही सांगितले होते म्हणे.

हिच्यावर रागावू नकोस. कोणाला सांगायचे नाही अशी शपथ मीच घातली होती, असे ही म्हणते. तू लिहिलेस ते बरे केलेस. कोणीतरी लिहायला पाहिजे होते. आज कळते आहे तोवर मी हिला सांगून ठेवले आहे की मला बाहेर कुठे

घंटा वाजते आहे. कोणीतरी अडकले आहे खाली. जायला पाहिजे. दार हिने लावले आहे

१२ मे

प्रिय मुंगळ्या,

यांचं पत्र तुला मिळालं असेल. अर्धंच राहिलं होतं. ते मीच पाकिटात घालून टाकलं, काही न जोडता. तुझ्याकडे काय पोचलं ते त्यांचं त्यांचंच असावं म्हणून.

आता सांगायला हरकत नाही. शपथ ज्यांनी घातली त्यांनीच मोडली.

सुरुवात निवृत्तीच्या आधीच झाली होती. ओळखीच्या इमारतीत मजले चुकायचे. मग हत्यारं घरी शोधायची आणि ती हातातच असायची. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं काढली. आटतोय म्हणाले, हळूहळू आटत जाणार. त्या दिवशी परत येताना यांनी माझा हात धरून सांगितलं, "कोणाला सांगू नकोस. मुंगळ्याला तर नाहीच. मला मूर्ख म्हणून कोणी ओळखायला नको." मी शपथ घेतली. तेव्हा वाटलं होतं, गोष्टी विसरतील, मी आठवण देईन. अवघड असं काय त्यात?

फोन मी का बंद ठेवला ते ऐक. फोन वाजला की यांना वाटतं, कुठेतरी लिफ्ट अडकली, आत माणसं आहेत. दाराची घंटा, शेजारची सायकल, कशानेही. मग पिशवी घेऊन धावतात. एकदा मी झोपेत असताना निघून गेले आणि चौकात भर रहदारीत सापडले, प्रत्येक गाडी थांबवून आत कोण अडकलंय ते बघत होते. तेव्हापासून मी दाराला कुलूप घालते. आणि मग मी दारात उभी असते आणि माझ्यामागे, यांच्या लेखी, माणसं गुदमरत असतात. मी कोण हे यांना तेव्हा माहीत नसतं. कोणी एक बाई वाट अडवून उभी आहे. "बाजूला हो, पोर आहे आत!" असं ओरडतात. डोळ्यांत पाणी असतं. तू त्यांच्या जागी असतास तर काय केलं असतंस? ढकललंच असतंस.

म्हणजे त्यांनी मला मारलं, मुंगळ्या, हे खरं आहे. आणि त्यांनी मला कधीच मारलं नाही, हेही खरं आहे. दोन्ही एका पत्रात तुला कशी लिहिणार होते मी?

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, त्यात खोटं काही नाही. पाटी वाचून मी आत शिरले ती तब्येतीसाठीच. पण मास्तरीणबाईंनी "पडायला येतं का" विचारलं. मला वाटलं, हिला कळलं की काय. त्या दिवसापासून मी जीव लावून शिकले. समोरची शिंपीण लॅबच्या वेळात मशीन घेऊन आमच्याकडेच येऊन बसते, तिला तासभर जास्त थांब म्हटलं. पडायला आल्यापासून मला लागायचं कमी झालं. धरायला आल्यापासून तर घरात ढकलाढकलीच कमी झाली. ते दाराकडे धावले की मी मागून धरून खाली बसायची, भिंतीला पाठ लावून. आधी खूप झटापट करायचे. मग हळूहळू सैल व्हायचे. डोकं मागे माझ्या खांद्यावर टेकायचं. तसेच आम्ही बसून राहायचो, जमिनीवर. मला वाटायचं, यांचं डोकं मला विसरलं तरी पाठ विसरलेली नाही. कोणी धरलंय हे अंगाला कळतं, म्हणून शांत होतात. खरं सांगू का, तेवढ्यावर मी दिवस काढले. दिवसातला तेवढाच वेळ आम्ही नवरा-बायको होतो.

मनगट मोडलं ते जिन्यात. कुलूप लावायचं राहिलं, मी मागे धावले, वळणावर त्यांनी झटका दिला. पडले अगदी शिकवल्यासारखी, हनुवटी छातीला, हात सपकन. गादीवर पडायला शिकले होते, पायऱ्यांवर नाही.

शिंपिणीने खालून आणून दिलेलं तुझं पत्र यांनी दुपारी वाचलं. शिंपीण सांगत होती, खुर्चीत ताठ बसून वाचलं, कामाचा कागद वाचतात तसं. मी घरी आले तर इतके स्वच्छ होते की क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, परत आले. मग म्हणाले, "बाही वर कर." मी केली नाही. तेव्हा स्वतःच्या हातांकडे बघत बसले, उलटे-पालटे करून. कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. म्हणाले, "मला इथून हलव. आज मला समजतंय तर आजच हो म्हणून घे माझ्याकडून." मी हो म्हटलं नाही. त्यांनी माझ्या तोंडून म्हणवून घेतलं. नंतर पत्र लिहायला बसले, आणि मग घंटा वाजली, जी वाजली नव्हती.

त्याच आठवड्यात जागा मिळाली. गावाबाहेर असं एक घर आहे, अशाच माणसांचं. फाटकापर्यंत पोचेतो यांना काहीच आठवत नव्हतं. मला म्हणाले, "आपण कुठे आलो?" मी म्हणाले, "इथली लिफ्ट बिघडली आहे, तुम्हाला बोलावलंय." तेव्हा कसा चेहरा उजळला रे त्यांचा! पिशवी सरळ केली, केसांवरून हात फिरवला आणि माझ्यापुढे झपाझप चालत आत गेले.

ते घर बैठं आहे. एकच मजला. लिफ्ट कुठे आहे म्हणून दिवसभर शोधत फिरतात, असं तिथले लोक सांगतात.

मुंगळ्यावर रागावू नकोस, असं मी स्वतःला सांगते. तू लिहिलं नसतंस तर ते आज माझ्यापाशी असते, आणि मी एखाद दिवस जिन्याखाली मरून पडले असते, आणि त्यांना ते कळलंही नसतं. हे मला समजतं. पण त्यांना जे मरेपर्यंत कळायला नको होतं, ते एका दुपारी कळलं. तेवढं मला विसरता येत नाही. माफ केलं असं लिहायला हात उठत नाही. राग धरायलाही उठत नाही. घरी कुलूप लावायचं काही कारण उरलेलं नाही, तरी लावते.

ताई

३ जून

ताई,

कितीदा लिहायला घेतलं आणि फाडलं. माफी मागणार नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्यापाशी आता काय उरलंय.

त्यांचं पत्र उशाशी आहे. "चि. मुंगळ्यास" असं लिहिलंय. मी तसलं पत्र लिहिल्यावरही त्यांनी चिरंजीवच लिहिलं.

काठी घेऊन उभा राहायला लागलोय. डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण मी विचारायचं सोडलंय. पुढच्या महिन्यात येतो. मला स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. थेट त्यांच्याकडे जाऊ.

मुंगळ्या

९ सप्टेंबर

प्रिय मुंगळ्या,

तू येऊन गेलास, बरं वाटलं. त्यांनी तुला ओळखलं नाही याचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काठी हातात घेऊन तिचं टोक तपासलं, रबर झिजलंय म्हणाले. परका समजले असते तर काठीला हातच लावला नसता. निदान मी तसं समजते. मी काय काय समजत आले, ते पुढे लिहिलंच आहे.

तू गेल्यावर तिथल्या मुख्य बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर भिंती चाचपतात, कोणी अडवलं की अंगावर जातात. आमच्या एका मुलाचा ओठ फुटला. औषध वाढवलं तर चालणं थांबेल. तुम्ही घरी त्यांना कसं सांभाळायचात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या माणसांना शिकवाल का?"

मी मास्तरीणबाईंना घेऊन गेले. जेवणाच्या मोठ्या खोलीत टेबलं बाजूला सारली, गाद्या घातल्या. तीन अटेंडंट होते, दणकट, पण चांगली मुलं. त्यांना सराव करायला कोणीतरी हवं होतं. मीच म्हटलं, मी बसते. ते कसे धावतात, कसा झटका देतात, ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

मग मी ते झाले, मुंगळ्या. त्यांच्यासारखी पिशवी घेतल्यासारखा हात केला आणि दाराकडे धावले. मागून कोणीतरी काखेतून हात घातले, मला खाली बसवलं, हात छातीवर दुमडले. पाय अडकवले. अगदी मी शिकवलं तसं, बिनचूक, काही दुखलं नाही. मी सुटायला बघितलं. सुटता येईना. आणि तेव्हा मला कळलं की धरलंय ते कोण, हे दिसत नाही. समोर दार दिसतं. मागे नुसतं वजन असतं. गरम श्वास मानेवर येतो, तो कोणाचाही असू शकतो. त्या मुलांतला कोणता होता ते मला सांगता आलं नसतं. मान वळवायला बघितली, वळत नाही. मग हळूहळू माझं अंग सैल पडलं, डोकं मागे त्याच्या खांद्यावर गेलं. विश्वासाने नाही गेलं. थकून गेलं.

इतके महिने मी समजत होते की पाठ ओळखते.

मुलगा घाबरून म्हणाला, "बाई, लागलं का?" मी रडत होते, ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, नाही, बरोबर धरलंस.

नंतर मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "समोरून नाही का धरता येणार? निदान चेहरा तरी दिसेल." तिने कधी नव्हे तो आवाज खाली आणला. म्हणाली, "समोरून धरलं तर डोकं नाकावर बसतं. चावतातही. माणूस घाबरलेला असतो ना. त्यांनाही लागेल आणि मुलांनाही." मी पुन्हा विचारलं, दुसरा काही प्रकार? तिने नाही म्हणून सांगितलं. तिचे डोळेही भरले होते, पण ती खोटं बोलली नाही.

ते खिडकीपाशी बसले होते. सगळं बघत होते. आम्ही काय करतोय असं त्यांनी विचारलंही नाही. त्यांचं लक्ष दाराच्या वर होतं, लिफ्टला मजल्याचा आकडा लागतो तिथे.

मी परत गादीवर जाऊन बसले. तिघांकडून पुन्हा एकेकदा करून घेतलं. एकाची कोपरं वर जात होती, ती खाली घ्यायला लावली. दुसऱ्याला सांगितलं, जोर नको, वजन दे. तिघांनाही जमलं. निघताना त्यातला वयाने मोठा होता तो दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "काळजी करू नका बाई. साहेबांना आम्ही अगदी असंच धरू."

मी म्हणाले, "असंच धरा."

ताई